नवगावची नाव आयर्लंडला

मी दुसरीपर्यंत शिकले. अलिबागेजवळ बापाचा तेलाचा घाणा होता. शनवारी आमचा बैल सुटा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आम्ही यहुदी, बेने इस्राएल, पण घरात बोलणं मराठीच. पुढं घाणा गेला. नवरा गिरणीत खोकून खोकून गेला, धाकटा पोर तापात गेला. रडायला सवड नव्हती, लोकांच्या गोधड्या शिवत बसले. उरलेला मुलगा इंजिनियर होऊन हॅम्बर्गला आला, आणि माझे गुडघे गेले तेव्हा मलाही घेऊन आला.

इथं सगळं बरं होतं. एकच बोचायचं. नात सोळा वर्षांची. माझं सगळं कळायचं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये. मुलगा म्हणायचा, "आई, समजतंय ना तिला? मग झालं तर." झालं कसं? मी गेल्यावर या घरात माझं बोलणं कोण बोलणार? मनाशी धरलं, हिच्या तोंडून मराठी काढल्याशिवाय मरायचं नाही.

तेव्हाच तिनं एक खूळ घेतलं. कॉम्प्युटरवर बसून भाषाच बनवायची. सुनेनं मला समजावलं, "अहो आई, आपले वाडवडील नवगावच्या किनाऱ्याला नाव फुटून आले ना? ती म्हणते, ती नाव आयर्लंडला फुटली असती तर? तिथल्या गेलिक भाषेत आपलं हिब्रू मिसळून आपण कसं बोललो असतो, ते लिहितेय ती."

"आणि जिथं फुटली तिथलं बोलायला काय होतं हिला?"

सून हसली. नात नाही हसली. तिला समजलं होतं.

एकदा तिनं वहीतलं वाचून दाखवलं. पाण्याला तिकडं इश्का म्हणतात. "पाण्याला इश्क?" म्हणून मी हसले, तशी तीही हसली. मग जर्मनमध्ये काहीतरी विचारायला लागली. सून सांगू लागली की तिला आपले जुने शब्द हवेत. आपण मराठीत हिब्रू कसं मिसळलं ते बघून तिला गेलिकमध्ये तसं करायचंय. मी सुनेला थांबवलं.

"तिला म्हणावं, मराठीत विचार. मग सांगते."

नात पाय आपटत गेली. दोन महिने तिनं विचारलं नाही, दोन महिने मी सांगितलं नाही. घाणेवाल्याची पोर मी, एका जागी गोल फिरायची मला सवय आहे.

नवऱ्याच्या वर्षाला मशिदीतल्या दिव्याला तेल द्यायचा माझा नेम. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो, आजेपणजे म्हणायचे म्हणून. त्या वर्षी मुलगा कामाला बॉनला, सून ऑफिसात. खोबरेलाची बाटली पिशवीत घातली नि निघाले. मुलाबरोबर दोनदा गेले होते, वाट ठाऊक आहे असं वाटलं. एस-बानच्या गाडीतून उतरले तर सगळ्या गल्ल्या एकसारख्या, वर पाऊस. एका भाजीवाल्याला म्हटलं, "मशीद? मशीद?" भला माणूस. दुकान बायकोवर टाकलं आणि मला हाताला धरून पोचवलं.

दारात चपलांची रांग. आत गालिचे, नमाज चाललेला. मशीद होतीच ती, पण त्यांची.

त्यांनी मला खुर्ची दिली, गरम चहा दिला. बटव्यातल्या कागदावर घरचा नंबर होता, तो लावला. शाळेतून आलेल्या नातीनं उचलला. अर्ध्या तासात ती हजर. भिजलेली, दप्तर पाठीला, तोंड पांढरं पडलेलं.

"आजी! तू हरवला! मी घाबरला!"

सगळं चुकलेलं. पण तिच्या तोंडून असं आधी कधी ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले माझे. तरी सोडते कशी?

"हरवली म्हण. घाबरले म्हण."

"हरवली," ती रडत रडत म्हणाली. "घाबरले. इथे का आला... आली?"

"मशीद विचारली, मशिदीत आणलं."

ती पायरीवर बसली. दप्तर मांडीवर घेत म्हणाली, "पण तो त्यांचा शब्द. आपण का घेतला?"

मराठीत विचारलं होतं. मग मी सांगितलं. "शेजारी देवाच्या घराला जे म्हणायचे तेच आपण म्हटलं. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी चालतं, मग शब्द का नको?"

तिनं वही काढली. आपल्या त्या भाषेत प्रार्थनेच्या जागेला तिनं नुसता हिब्रू शब्द ठेवला होता. तो खोडला. "मग आयर्लंडचे शेजारी काय म्हणेल?"

"म्हणतील. ते तू शोध. माझ्याकडचं मला विचार. मराठीत."

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे जर्मनमध्ये 'बरोबर', आणि जीभ चावली. "बरं."

तिथून आम्ही आमच्या मशिदीत गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं बाटली उघडून वास घेतला आणि काय आहे विचारलं. नातीनं त्याला जर्मनमध्ये सांगितलं, मग माझ्याकडं वळून खात्री केली.

"आजोबाची तेल ना?"

"आजोबांचं."

"आजोबांचं तेल," ती म्हणाली, आणि बाटली स्वतः हातात घेऊन आत गेली.