पहिलं दूध आणि कुसुमबाई

सासूबाईंनी माझं पहिलं पिवळं दूध मोरीत पिळून टाकलं होतं आणि अशक्तपणाने पोरीचं रडणंही थांबलं होतं. आठव्या महिन्यात झालेली, मांजराच्या पिल्लाएवढी. आधीची दोन मुलं अशीच गेली होती, तोंडात मधाचं बोट घेऊन.

तेवढ्यात कुसुमबाई आत आल्या. नव्वद सालानंतर सांगलीहून बदलून आमच्या उंब्रजकडच्या गावात आलेल्या नर्स. बाळ पाहिल्याशिवाय कुणाकडे चहा घ्यायच्या नाहीत. आमची गाय नुकतीच व्यालेली, चुलीवर खरवस होता.

"हा चीक कुणाकुणाला?" त्यांनी विचारलं.

"वासराला पाजला. उरल्याला गल्लीत वाटायचा," सासूबाई म्हणाल्या.

"गाईचा वासराला, आणि सुनेचा मोरीला?"

"आवं बाई, इतकं म्हैनं अंगात साचल्यालं दूध त्ये. पोरीला बाधंल."

"आधीच्या दोघांना काय बाधलं मग?"

सासूबाई चुलीकडे वळल्या. कुसुमबाईंचं बोलणं असंच होतं, घाव घालणारं.

पोरीला ओढायची ताकद नव्हती. त्यांनी वाटी-चमचा उकळून घेतला, माझ्याकडून दूध काढवलं आणि थेंब थेंब तिच्या घशात सोडलं. म्हणाल्या, "ह्या दुधात जंतू मारणारी द्रव्यं असतात. तुझा नवरा सरहद्दीवर आहे ना? तसेच हे शिपाई. शत्रू आत शिरायच्या आधी पोचायला हवेत." माझ्या छातीची बोंडं चिरली होती, मी मलम मागितलं. "तेच दूध लाव आणि वाळू दे." तेवढ्याने चिरा भरून आल्या.

तिसऱ्या दिवशी पोर तापली. सासूबाई म्हणाल्या, "आता पाजा की तुमचं शिपाई."

"दूध म्हणजे इंजेक्शन नव्हे. जीप बोलवा."

कराडच्या दवाखान्यात पोरीला सुया टोचल्या आणि माझंच दूध नळीने दिलं. तिथे दूध काढायची वाटी सासूबाई उकळून द्यायच्या. चुकलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण पुढे गल्लीत कुणी बाळंत झाली की आधी जाऊन सांगायच्या, "पयलं दूध टाकू नगासा."

कुसुमबाईंना मूल नव्हतं. कुणी हळहळलं की म्हणायच्या, "रोज दुसऱ्यांची रडतात, तेवढी पुरेत."

पुढे त्यांची वडूजला बदली झाली. तिथेच वारल्या. माझ्या तीन मुलांतली ही पोर तेवढी जगली.