चाळणीतून गळलेल्या होड्या

आर्या, निशांत, परवा फोनवर तुमचे बाबा म्हणाले, "आई, आता लॅपटॉप बंद कर, आराम कर." मी करणार नाही. का, ते तुम्हाला लिहूनच सांगते, कारण फोनवर ते मला पुरतं बोलू देत नाहीत.

"मॅडम, जंक नोंदी उडवा आणि मोकळ्या व्हा," मंगेश म्हणाला. तो वाशीच्या एका कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर, इथे बंदरावर माझ्याकडे आला होता. इथल्या मच्छीमार सोसायटीत वादळाचा इशारा आला की होड्यांना मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम मी निवृत्तीनंतर जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. त्यातला डेटा मंगेशच्या नव्या अ‍ॅपमध्ये जायचा होता.

हा डेटा एका ऑब्जेक्टमध्ये आहे. ऑब्जेक्ट म्हणजे खणांचं कपाट समजा. प्रत्येक खणावर चिठ्ठी, आत फोन नंबर. चिठ्ठीला key म्हणतात. रेग्युलर एक्स्प्रेशन ही चिठ्ठीवरच्या अक्षरांची चाळण. मंगेशची चाळण होती /^IND/. म्हणजे IND ने सुरू होणाऱ्या keys ठेवा, बाकी टाका. इंजिनच्या बोटींचे नोंदणी नंबर तसे सुरू होतात.

मी चालवली आणि गळलेल्या keys स्क्रीनवर काढल्या. test1, demo. त्यांच्या खाली यशोदा, हिराबाई, सखू.

"बायकांची नावं? एंट्रीची चूक," मंगेश म्हणाला.

"चूक नाही. या वल्ह्याच्या होड्या. त्यांना नोंदणी नंबर नाहीत."

बाहेर यशोदा जवळा वाळत घालत होती. मी खिडकीतून हाक मारली. "यशोदे, होडी तुझ्या नावावर का लावलीस गं?"

"धनी म्होबाईल दर्यावर न्हाय नेत, बाय. भिजतो. माझ्याकडंच ऱ्हातो. मेसेज आला का काठीला लाल लुगडं बांधून बंदरावर उभी ऱ्हाते. होडी लांब जात न्हाय. तो बघतो नि वळतो."

मंगेश स्क्रीनकडे वळला. "पण आजी, अ‍ॅपमध्ये नोंदणी नंबर कंपल्सरी आहे."

"मॅडमच म्हणा. आजी म्हणायला मला नातवंडं आहेत."

"क्लायंटशी बोलावं लागेल."

"क्लायंट बाहेर जवळा वाळवतेय. बोला."

"साहेब, या उन्हात," यशोदा म्हणाली. "टोपी आणलीव का?"

मंगेश बाहेर गेला नाही. मी चाळण उलटी केली. काय ठेवायचं ते लिहिलंच नाही. test किंवा demo ने सुरू होणाऱ्या keys काढा, बाकी सगळ्या राहू द्या. एका ओळीचं काम.

"मी हे वर कळवीन," तो म्हणाला.

"कळवा. पण डेटा मिळेल तो असाच मिळेल. नाहीतर मिळणार नाही."

कंपनीने शेवटी नंबरची अट काढली. पुढे वारा फिरला, इशारा आला, आणि बंदरावर लुगडी वर चढली. यशोदाचा नवरा दुपारी घरी जेवला.

फिल्टर लिहिलात की उरलेलं सगळेच बघतात. तुम्ही गळलेलं आधी बघा.

लॅपटॉप चालू आहे, कुणी पुढची चाळण लावली की गळलेलं बघायला. यशोदा, हिराबाई, सखू, तिघींच्या keys ऑब्जेक्टमध्ये आहेत.