येऊन राह्यली

मला कोणी फुकट काही दिलं की मी आधी ते उलटं करून पाहते. सवयच आहे. लुगडं दिलं तर उजेडात धरून भोक शोधते, कौतुक केलं तर त्याच्यामागचं काम शोधते. म्हणून अमरावतीच्या प्रशिक्षण केंद्रात आम्हा होऊ घातलेल्या ग्रामसेविकांना सरकारनं सायकली वापरायला दिल्या, तेव्हा बाकीच्या पोरी घंट्या वाजवत अंगणभर फिरल्या अन् मी चाकापाशी उकिडवी बसून एकेक आरा तपासत होते. एवढं लोखंड कोणी उगीच देतं का बाप्पा?

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही बौद्ध झालो त्याला काही वर्षं झाली होती, आणि आमच्या वस्तीत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिली पोरगी. आई नव्हती. बा दुसऱ्यांच्या वावरात कामाला जायचा. आमचं गाव केंद्रापासून फार लांब नव्हतं, पोहऱ्याच्या टेकड्यांच्या अलीकडे. प्रशिक्षण संपलं की गावोगाव फिरायची नोकरी मिळणार होती. बालवाडी चालवायची, बाळंतिणींची चौकशी करायची, बिनधुराच्या चुली घालून द्यायच्या, असली कामं. पण सरकारी, पगाराची. ती हुकली तर पुढं काय, हेही मला पक्कं माहीत होतं. आत्यानं मूर्तिजापूरकडचा एक मुलगा हेरून ठेवला होता, आणि बा त्यावर हो म्हणत नव्हता तसा नाहीही म्हणत नव्हता.

केंद्राच्या मुख्य बाई नुकत्याच पुण्याहून बदलून आल्या होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, बोलणं छापील पुस्तकातलं. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या मनातून उतरल्या. झालं असं की आम्ही पंगतीत बसलेलो, पहिली भाकर अर्धीसुद्धा झाली नव्हती, आणि बाईंनी दारातून विचारलं, "काय मुलींनो, जेवणं?" आम्ही एका सुरात ओरडलो, "जेवून राह्यलो, बाई!" त्या "छान, छान" म्हणाल्या आणि स्वयंपाकघराला कुलूप घालायला सांगून निघून गेल्या. वरणाचं भांडं आत, आम्ही बाहेर. ही बाई आपल्या तोंडचा घास तोडून सरकारचं वाचवते आणि स्वतः खाते, असं माझं ठाम मत झालं. ते मी सगळ्या पोरींना सांगूनही टाकलं.

मग एका सकाळी प्रार्थनेनंतर बाईंनी सायकलींची शर्यत जाहीर केली. साध्या सडकेवरची नाही. केंद्रातून निघायचं, टेकडीवरच्या देवळाला वळसा घालायचा, दगडाधोंड्यांच्या गाडवाटेनं खाली उतरायचं, नाला ओलांडायचा आणि परत यायचं. "उद्या खेड्यात तुम्हाला असेच रस्ते मिळणार आहेत," बाई म्हणाल्या. "पहिली कोण येते, याला मी फारसं महत्त्व देत नाही. सायकल ढकलत आणलीत तरी चालेल. पण रस्ता पूर्ण झाला पाहिजे. जी मध्येच सोडून घरी जाईल, तिची मी फिरतीच्या नोकरीसाठी शिफारस करणार नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली. ती गाडवाट बरोबर आमच्या गावाच्या शिवेवरून जात होती. बाकीच्या पोरींची घरं कुठं दर्यापूर, कुठं अकोला. मध्येच सोडून घरी जाण्यासारखी एकटी मीच होते. मग हा नियम कोणासाठी केला? वस्तीतली पोरगी सरळ काढता येत नाही, तर अशी काढायची, असं मी त्या दिवशी स्वतःशी म्हटलं, आणि तेव्हा ते मला अगदी खरं वाटलं.

रविवारी घरी जाऊन बाला सांगितलं. तो चिलीम भरत होता.

"पडशीन," तो म्हणाला.

"पडली तं उठीन. पन तू वाटेवर उभा राहू नको, बा. बाई म्हनतीन, पोरीनं घरून मदत घेतली."

"मले काय करा लागते? मी आपला वावरात जाईन."

एवढ्या सहज तो मानला याचाच मला संशय आला. माझा बा कोणतीही गोष्ट एका बोलण्यात ऐकणारा नव्हता.

शर्यतीच्या दिवशी चांगलीच थंडी होती. अकोल्याच्या जठारपेठेतली एक सडपातळ पोरगी घरीच सायकल शिकून आलेली. ती म्हणाली, "थांब, तुझं पातळ मागून नीट खोचून देते, नाहीतर चेनमध्ये जाईल." मी म्हटलं, नको. शर्यतीत उतरलेली पोरगी दुसरीचं पातळ कशाला खोचेल? तिनं खांदे उडवले आणि गेली. शिट्टी वाजली, आणि देवळाच्या चढापर्यंतही पोचले नसेन, तोच माझा सोगा चेनमध्ये गेला. चेन उतरली. बसवली. परत उतरली. वर देवळापाशी पोचले तेव्हा बाकीच्यांचा आवाजसुद्धा येत नव्हता. एकीनं तरी थांबावं की नाही? मी सगळ्यांच्या नावानं बोटं मोडली आणि उतार धरला. त्या दगडांवरून सायकल अशी काही आदळत होती की हात कोपरापर्यंत बधिर झाले. दोनदा पडले. एकदा तर सायकल पुढं आणि मी मागं, घसरगुंडीवर बसल्यासारखी.

नाल्यात वाळू होती. सायकल ढकलत खाली नेली आणि तिथं पुन्हा सोगा अडकला. तो सोडवत बसले असताना वर, गावाच्या बाजूला, जीपचा आवाज आला. केंद्राचीच जीप, बाई मागं राहिलेल्यांना बघायला आल्या असणार. जीप थांबली. थोडा वेळ नुसतं इंजिन घुरघुरत राहिलं. मग वळली आणि परत गेली. मला न पाहताच. मी ओरडेपर्यंत धूळ दिसू लागली होती.

वर चढून आले, तर शिवेवरच्या बाभळीमागं मुंडासं दिसलं. बाचं. मला पाहताच तो बुंध्याच्या आड झाला. वावरात जातो म्हणून सांगणारा माणूस बाभळीमागं लपतो, आणि हातात काय, तर बोरीच्या काट्यांची फांदी! मी थांबले नाही. हाकही मारली नाही. पण पुढं थोडं गेले असेन नसेन, मागच्या चाकातून फुस्स झालं. पाहते तर बोरीचा काटा, टायरमध्ये आरपार.

तिथून केंद्रापर्यंत सायकल ढकलत नेली. ढोपरं सोललेली, घशाला कोरड पडलेली आणि डोक्यात तेवढी एक फांदी.

केंद्राच्या फाटकाशी कोणी नव्हतं. चुन्याची रेघ पायांनी पुसली गेली होती आणि शिपाई पताका सोडवून गुंडाळत होता. मी रेघ होती तिथून सायकल नेली आणि तशीच ऑफिसात शिरले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? तू तर घरी गेलीस."

"नाही गेली, बाई."

"हे बघ, मी स्वतः जीप घेऊन आले होते. तुझे वडील भेटले. तू घरी गेलीस आणि तिथेच थांबलीस, असं त्यांनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आता पश्चात्ताप होऊन परत आली असशील, त्याचं कौतुक आहे. पण सोडलीस ती सोडलीसच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंवर नाही, बावर. कुठं पाणी मुरतंय ते आता लख्ख दिसत होतं. मूर्तिजापूरचा मुलगा, आत्याची घाई, बाभळीआडचं मुंडासं, काट्याची फांदी. सगळं कसं गोधडीच्या टाक्यासारखं एकाला एक लागून.

सुटी मागून संध्याकाळी घरी गेले. बा नुकताच येऊन हातपाय धूत होता.

"बाईले काय सांगतलं तू?"

"जे खरं होतं, थे."

"अन् काटे कावून टाकले वाटेवर?"

तो तांब्या हातात धरून बघतच राहिला. "मी?" एवढंच म्हणाला.

"लगन लावून द्याचं असन तं तोंडानं सांग ना! असं मांगून कावून? आपल्याच पोरीच्या चाकात काटा घालतं का कोनी?"

शेजारची माणसं दारात आली. बानं तांब्या खाली ठेवला, हात मुंडाशाला पुसले आणि खाटेवर बसला. मग म्हणाला, "सकाळी मी येतो तुह्या बाईकडं." मला वाटलं, तिथंही हा काहीतरी घोळ घालणार.

सकाळी धुतलेलं धोतर नेसून बा आला. ऑफिसात खुर्ची दिली तरी बसला नाही. बाईंनी विचारलं, "काल तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

"सांगतलं का पोरगी येऊन राह्यली."

"ऐकलंस?" बाई माझ्याकडे वळल्या. "आजही तेच सांगताहेत."

"हो ना," बा म्हणाला, "येऊनच राह्यली होती."

मी बाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि दोघंही एकच वाक्य बोलत होते. मग बाई का चिडल्या आहेत ते मला कळेना. येऊन राह्यली म्हणजे वाटेत आहे, पोचतेच. त्यात लपवलं काय?

बाईंनी कंटाळून घंटी वाजवली. "अरे, चहा कुठे राहिला?"

बाहेरून शिपाई ओरडला, "येऊन राह्यला, बाई!"

आणि लगेच चहा आला. शिपायानं कपबशी टेबलावर ठेवली, सांडलेला चहा फडक्यानं पुसला आणि गेला. बाई त्या कपाकडे बघत बसल्या. वाफ चष्म्यावर आली तरी हलल्या नाहीत.

"येऊन राहिला," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे... येतो आहे?"

"मंग काय!" बा म्हणाला.

"आणि त्या दिवशी मुली जेवून राहिल्या म्हणाल्या..." बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! आणि मी कुलूप लावलं!"

मला हसूही येईना. कारण बाई आता बाकडे पाहत होत्या आणि त्यांचा आवाज बदलला होता. "काल तुम्ही वाकून वाटेवरचे काटे वेचत होतात. मी विचारलं, हे काय करता, तर म्हणालात, माझी मुलगी येऊन राहिली. मी मनात म्हटलं, ती घरी येऊन बसली आहे, तर हे काटे कोणासाठी वेचताहेत? पण पुढे विचारलं नाही हो. विचारायला पाहिजे होतं."

बा खाली पाहत म्हणाला, "कोन्या तरी वावराच्या कुपाच्या काटेरी फांद्या वाटेवर पडल्या होत्या. शिवेपातुर साफ केलं मी. फुडचं नाही झालं, थे येऊन गेली. तिनं सांगतलं होतं उभा राहू नको, म्हनून झाडामांगं गेलो."

बाईंनी वहीत माझ्या नावासमोरचं "सोडली" खोडलं, "शेवटचा क्रमांक" असं लिहिलं आणि वर पाहून म्हणाल्या, "चालेल ना?" मी मान हलवायच्या आत बाच म्हणाला, "चालन. चालाले काय झालं!"

फाटकाबाहेर आल्यावर त्याचा हात हातात घेतला. बोटात काट्याचं कुसळ तसंच होतं, भोवती लाल झालेलं. पदराची पिन काढून मी ते तिथंच, रस्त्याच्या कडेला बसून काढलं. तो "हळू, माय" एवढंच म्हणाला. गावात मात्र भेटेल त्याला सांगत सुटला, माही पोरगी शेवटची आली. एकजण हसला तर त्यालाच सुनावलं, "हसतं काय? मांगं कोनीच नोयतं तिच्या!"

मूर्तिजापूरच्या पोराचा विषय त्यानंच आत्याला बोलून संपवला. मला पहिली नेमणूक अकोला जिल्ह्यात मिळाली, बाळापूरच्या पलीकडे. आठवडाभर सायकल, आणि शनिवारी आधी एसटी, मग बडनेऱ्यापर्यंत गाडी, पुढं मिळेल ते. कधी उशीर व्हायचा, कधी यायलाच जमायचं नाही. शेजारणी सांगायच्या, बा दुपारपासून बाभळीखाली जाऊन बसतो. कोणी विचारलं, पोरगी कुठं हाय, तर म्हणतो, येऊन राह्यली. मी न आलेल्या शनिवारीसुद्धा तेच सांगायचा.

पुढं त्याचे पाय सुजायला लागले आणि त्याला बाभळीपर्यंत जाववेना. मी बदलीसाठी अर्ज केला. बदली आमच्याच भागात, लगेच मंजूर झाली. हुकूम मी उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला, कुठं काही खोट सापडली नाही. ट्रंक आणि सायकल घेऊन घरी पोचले तेव्हा बा खाटेवरून उठायला लागला. म्हणाला, "आली? कधी जाशीन?"

"नाही जात, बा," मी म्हटलं. "येऊन राह्यली."

तो दाराबाहेर बघायला लागला, अजून कोण येतंय ते. मग मी सायकल भिंतीला लावली आणि म्हटलं, "बाईंच्या मराठीत, बा."