गिरणीचा खटका

बोरीत मार्थाबाईंची पिठाची गिरणी. लाईट गेली, पट्टा थांबला, की त्या पिठाचे हात पदराला पुसून पोत्यावर बसत आणि येशूशी बोलत. वर्षानुवर्षं हाच नेम.

यंदा लाईट जायचीच थांबली. गाव खूश, मार्थाबाईंची मात्र प्रार्थनाच बुडाली. त्या स्वतःवरच चिडल्या. आजवर देवाला दिला तो वेळ लाईट गेल्यानं रिकामा पडलेला. आपल्यातला चिमूटभर न्हाई!

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत त्यांनी खटका खाली ओढला.

"लाईट हाय की! बंद का केली?" रांगेतल्या कस्तुराबाई डबा आपटत ओरडल्या.

"आजवर लाईट गेली म्हणून बसत व्हते. आज येशूसाठी बसायलेय."

कस्तुराबाई पुटपुटत पायरीवर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या नातीच्या तापाचं बी त्याच्या कानावर घाल."