चुनभट्टीवाल्यांची ऑनर

लायट्रिमच्या आमच्या डोंगराळ टापूत मॅकपार्टलिन इतके, की नुसतं आडनाव सांगून हरवलेली गायसुद्धा परत मिळायची नाही. म्हणून प्रत्येक घराला एक जोडनाव. खाली ओढ्यालगत राहतात ते चुनभट्टीवाले, चढ चढून गेलं की टेकडीवाले. दोघांत नातं आहे म्हणतात, पण ते कधी होतं हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

चुनभट्टीवाल्यांत तर आता एकटी अट्रॅक्टाच उरली होती. वय सहासष्ट. लग्न राहून गेलं. आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं, आणि मग भाऊ युजीन, ज्याला चहासुद्धा स्वतःचा करून घेता येत नसे. युजीन गेला त्याला नऊ हिवाळे झाले. तेव्हापासून तिच्या घरात दिवसभरात बोलणारा एकच, तो रेडिओ.

पण पत्रं मात्र यायची. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून, आमच्या मातीतून गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांची. आमचे मूळ लोक कोण, घर कुठलं, एवढंच त्यांना हवं असे. पूर्वी ही पत्रं पाद्रीबाबांच्या टेबलावर धूळ खात पडत. त्यांनी एकदा कंटाळून सगळा गठ्ठा अट्रॅक्टाच्या पिशवीत कोंबला, तेव्हापासून पंचवीस वर्षं हे काम तिचंच.

सोपं नव्हतं ते. एकोणीसशे बावीस सालच्या लढाईत डब्लिनचा दप्तरखाना जळाला आणि जुन्या शिरगणतीचे कागद राख होऊन शहरभर उडाले. जे वाचलं ते किडूकमिडूक. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, कोण किती जमीन कसतो याची यादी, आणि विसावं शतक लागल्यावर झालेल्या दोन शिरगणत्या. अट्रॅक्टानं चर्चच्या वह्या हातानं उतरून घेतल्या होत्या. दोन हिवाळे गेले त्यात. शाई जिथे पुसली होती तिथे तिनं जागा कोरी सोडली. अंदाजानं एक अक्षरही भरलं नाही, याचा तिला अभिमान होता.

टेकडीवरचा पॅकी रस्त्यात भेटला की ट्रॅक्टर थांबवून ओरडायचा, "काय गं अट्रॅक्टा, आज किती मेलेले उठवलेस?"

"तुमच्यातला एकही उठत नाही रे बाबा. तुम्ही जिवंतपणी कधी वेळेवर उठलात?"

पॅकी खदखदा हसे आणि निघून जाई. त्याच्या घरात सात मुलं, तीन सुना, आणि दारात पायांत येणारी कुत्री.

सगळ्यांची माणसं शोधून देणाऱ्या या बाईचं स्वतःचं एक माणूस मात्र सापडत नव्हतं. तिच्या आजोबांची बहीण ऑनर. बाप पॅट्रिक, आई सबायना, बाप्तिस्मा १८६२ चा. पुढे काही नाही. तिच्या घरात एवढंच बोललं जाई, की ऑनर बोटीवर चढली आणि तिचं पत्र कधी आलं नाही. तिला मुलंबाळं झाली असतील, तर जगात कुठेतरी अट्रॅक्टाच्या रक्ताचं माणूस होतं. नाहीतर चुनभट्टीवाले तिच्यापाशी संपत होते.

आणि मग क्लीव्हलँडहून लॉरेन हासचं पत्र आलं. तिची आजी ऑनर मॅकपार्टलिन, आमच्याच गावची, बापाचं नाव पॅट्रिक. लग्नाच्या दाखल्यावर आईच्या नावाची जागा रिकामी.

अट्रॅक्टानं ते पत्र तीनदा वाचलं, कारण तिला माहीत होतं, टेकडीवाल्यांतही एक पॅट्रिक होता आणि त्यालाही ऑनर नावाची मुलगी होती, १८६४ ची. पण त्याच्या बायकोचं नाव कॅथरीन. यातून वाट काढायची आमच्याकडे एक जुनी खूण आहे. पहिल्या मुलीला तिच्या आईच्या आईचं नाव द्यायचं, दुसरीला बापाच्या आईचं. ही रीत समुद्र ओलांडून गेलेल्या बायकाही मोडत नसत. अट्रॅक्टानं उलट टपाली विचारलं, तुमच्या आजीच्या मुलींची नावं मोठीपासून क्रमानं कळवा. उत्तर आलं: सबायना, मार्गारेट, ॲग्नेस.

सबायना! त्या दिवशी तिनं वंशावळीच्या कागदावर ऑनरच्या खाली पेननं रेघ ओढली. पेन्सिलीनं नाही, पेननं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात लॉरेन आली. साठीची, जाडसर, नवरा गेलेली, विमानातून उतरल्यापासून रडणारी आणि हसणारी. युजीनची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती. पहिल्या रात्रीपासूनच दोघी अगं-तुगं करू लागल्या. लॉरेन बटाटे सोलायला बसे, म्हणे, "अगं, तुझे हात अगदी माझ्या आईसारखे!" अट्रॅक्टा आपले हात उलटसुलट करून बघे. आईखेरीज कुणी तिच्या हातांकडे बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीला लॉरेननं बॅगेतून जुने फोटो बाहेर काढले. आजीच्या कबरीचा एक फोटो होता. मोठ्या दगडाशेजारी एक वीतभर दगड.

"हा कुणाचा गं?"

"तो? आजीची पहिली मुलगी. सात आठवड्यांची गेली बिचारी. आमच्यात कुणी तिला मोजतच नाही."

"नाव काय होतं तिचं?"

"कॅथरीन."

अट्रॅक्टानं किटली खाली ठेवली. "आणि तुझ्या आजोबांच्या आईचं?"

"सबायना गॅफनी. का गं?"

"काही नाही. चहा घे, गार होतोय."

तिनं भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. पहिलीला आईच्या आईचं नाव, कॅथरीन; दुसरीला सासूचं, सबायना; म्हणजे ही ऑनर टेकडीवाल्यांची. लॉरेनला यातलं काही समजणार नव्हतं. अख्ख्या जगात ही गोष्ट कळू शकेल असं माणूस एकच, आणि ते तोंड बंद ठेवू शकत होतं. कुणाचं काय बिघडलं असतं? तिनं स्वतःला दहादा हेच विचारलं.

दुपारी दोघी कबरस्तानात गेल्या. लॉरेननं गावातून फुलं आणली होती. भिंतीकडच्या चुनभट्टीवाल्यांच्या कबरीपाशी ती ओल्या गवतात गुडघे टेकून बसली आणि दगडावर हात ठेवून म्हणाली, "सबायनापणजी, तुझी ऑनर चांगली जगली हो. भुकेली राहिली नाही. मी तेवढं सांगायला आले."

दहा पावलांवर टेकडीवाल्यांचा दगड होता. त्याखाली कॅथरीन होती, जिची मुलगी बोटीवर चढली होती, आणि जिच्यासाठी हा निरोप समुद्र ओलांडून आला होता. अट्रॅक्टा दोन्ही दगडांच्या मध्ये उभी राहिली. मग तिचं तिलाच ऐकू आलं,

"लॉरेन, ऊठ. ही ती नव्हे."

"म्हणजे?"

"तुझी माणसं तिथे आहेत. चूक माझी. मी जिवंत राहिलेल्या मुली मोजल्या."

तिनं सगळं सांगितलं. लॉरेन गवतातूनच चिडून म्हणाली, "मला तू चालतेस! राहू दे ना असंच. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना," अट्रॅक्टा म्हणाली. "तो निरोप तिला दे. शंभरावर वर्षं झाली, ती वाट बघतेय."

लॉरेननं फुलं उचलली. अर्धीच उचलली. अर्धी तिथेच राहू दिली.

संध्याकाळी दोघी चढ चढून पॅकीकडे गेल्या. अट्रॅक्टानं दारातच सांगितलं, "पॅकी, ही तुझ्या आजोबांच्या बहिणीची नात."

पॅकी बघतच राहिला. "देवा! अमेरिकेत एवढी डॉलरची झाडं, आणि आमच्या वाट्याला आलेली पाहुणी टॅक्सीचे पैसेसुद्धा तुझ्याकडून घेऊन आली असेल."

"गप बस, गाढवा," त्याची बायको ब्रीज म्हणाली आणि तिनं लॉरेनला कवेतच घेतलं. "ये गं बाई, आत ये. मटण आहे, मुलांनी ठेवलं असेल तर!"

घर क्षणात भरलं. खुर्च्या ओढल्या गेल्या, कुणी तिचं नाक कुणावर गेलंय ते बघू लागलं, लहान नातू लॉरेनच्या मांडीवर चढला. अट्रॅक्टाला चहा मिळाला, केकही मिळाला. ब्रीज जेवायला थांब म्हणाली, दोनदा म्हणाली. पण टेबलाभोवती कोण कुणासारखं दिसतं हे चाललं होतं, आणि तिथे तिच्यासारखं कुणीच दिसत नव्हतं.

लॉरेन दारापर्यंत आली. "मग तुमची ऑनर कुठे गेली असेल?"

"माहीत नाही."

"मी शोधीन तिकडे. शब्द देते."

असा शब्द पंचवीस वर्षांत बऱ्याच जणांनी दिला होता. "शोधा हं," अट्रॅक्टा म्हणाली, आणि ती खाली उतरू लागली.

लॉरेन आता टेकडीवरच राहणार होती; तिची बॅग न्यायला पॅकीची धाकटी सून गाडी घेऊन आली. गाडीचे दिवे चढावर दिसेनासे झाल्यावर अट्रॅक्टानं कागद पसरले. टेकडीवाल्यांच्या वंशावळीत ऑनरच्या खाली तिनं चार मुली लिहिल्या आणि सात आठवड्यांच्या कॅथरीनला पहिल्या जागी बसवलं. मग आपला कागद घेतला. शाईची रेघ खोडता येत नाही, म्हणून तिनं नवा कोरा कागद काढला आणि पहिल्यापासून पुन्हा उतरवायला घेतलं. आपल्या ऑनरपाशी येऊन तिनं स्वच्छ अक्षरांत लिहिलं: बाप्तिस्मा १८६२. पुढे नोंद मिळत नाही.

आणि खाली, जिथे तिचं स्वतःचं नाव येत होतं, तिथे जन्मसाल घातलं आणि पुढची जागा कोरी सोडली.