वांगेकाकांचं नाक

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे वांगेकाका पहिल्यांदा गेले तेव्हा आधी त्यांचं नाक आत गेलं. मग बराच वेळ काहीच नाही. बाईंनी हातातला पेशंट तपासून संपवला, चहा मागवला, पिऊन कप खाली ठेवला, आणि मग कुठे नाकामागून काका दारात उगवले. निदान काका तरी हा प्रसंग असाच सांगतात, आणि नाक त्यांचं असल्यामुळे मोजमापाचा अधिकारही त्यांचाच.

वांगेकाका हे नाव शाळेच्या बसमधल्या पोरांनी ठेवलेलं. काका त्या बसचे ड्रायव्हर. वर्षभरापूर्वी नाकाचा शेंडा सुजला, जांभळा पडला आणि वांग्यासारखा चकाकायला लागला. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पोरं हसली, काकाही हसले. पालक मात्र हसले नाहीत. जांभळं नाक म्हणजे दारू, एवढं वैद्यकीय ज्ञान प्रत्येकाला असतंच.

काका तर खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून घेणारे. तरी फाटकावरच्या वॉचमनने त्यांना रोज यंत्रात फुंकायला लावलं. यंत्र रोज शून्य दाखवी. वॉचमन एकदा यंत्राकडे बघे, एकदा नाकाकडे, मग यंत्र झटकून म्हणे, "काका, हे बिघडलंय वाटतं. पुन्हा फुंका बरं."

शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी बसची चावी काढून घेतली. "काय तो उलगडा होऊ दे, मग बघू," म्हणाल्या.

चावी गेली आणि काकांचं बूड खुर्चीला टेकेना. बसच्या वेळेला ते खिडकीशी जात, तिथून दाराशी, दारातून परत खिडकीशी. जेमतेम बसले की उजवा पाय चालू. कुणी मोठ्यानं बोललं, भांडं पडलं, की पाय फरशीवर करकचून ब्रेक दाबायचा.

"अहो, बसा की जरा," बायको म्हणायची.

"बसलोय ना!"

"खुर्चीत बसा. खुर्चीभोवती नको. मला गरगरायला लागलंय."

तिनंच त्यांना धरून दवाखान्यात आणलं. 'पिता का?' हा प्रश्न येणारच, म्हणून काका दातओठ खाऊन तयार बसले होते.

"जिना चढताना धाप लागते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थेंबसुद्धा नाही!" काका गरजले.

"अहो, त्या धाप विचारताहेत," बायको म्हणाली. "लागते हो. आणि कोरडा खोकला आहे."

बाईंनी काचेची एक पातळ पट्टी घेऊन नाकावर दाबली आणि आरपार निरखून पाहिलं. "नुसत्या रक्तानं आलेला रंग दाबला की जातो. इथे जांभळा गेला, पण खाली पिवळट तपकिरी ठिपके उरलेत." एवढ्यात बाहेर काहीतरी आपटलं. काकांनी ब्रेक मारला, पँट वर सरकली, आणि बाईंची नजर नडगीवर गेली. तिथला जुना व्रण फुगून जांभळा झाला होता.

"हे केव्हाचं?"

"लहानपणी सायकलवरून पडलो होतो."

"फुगलाय मात्र याच वर्षी," बायको म्हणाली. "मला वाटलं, गाडीत काहीतरी घासत असेल."

"नाकावर आणि जुन्या व्रणात, दोन्हीकडे एकदम," बाई म्हणाल्या. "दारू काही इतकी हिंडत नाही."

त्यांनी कातडीचा बारीक तुकडा तपासायला घेतला, छातीचा फोटो काढवला. क्षय नाही ना, तेही पाहिलं. सगळं हाती आल्यावर नाव सांगितलं: सारकॉइडोसिस. "शरीराचे पहारेकरी चोर नसताना घोळका करून बसतात. त्यांच्याच या गाठी. छातीतही आहेत."

"म्हणजे आमचा वॉचमन!" काका उभेच राहिले. "चला, शाळेत फोन लावा. आत्ता लावा!"

"लावते. आधी डोळे तपासून या. हा आजार तिथेही गुपचूप बसतो."

"डोळे एकदम ठणठणीत आहेत. फक्त बसची पुढची काच कुणी नीट पुसत नाही. डावीकडे सदा धूसर."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनीही पाहिलं. गेले कित्येक महिने काका त्या काचेवरून बस धुणाऱ्याला फैलावर घेत होते.

काचेला काही झालं नव्हतं. डाव्या डोळ्यात आतून सूज होती, आणि बरीच जुनी होती.

डॉक्टरबाईंनी शब्द पाळला. काकांच्या समोरच त्यांनी शाळेत फोन लावला. "ते पीत नाहीत. कधीच पीत नव्हते. नाक आजारामुळे तसं झालंय," त्या म्हणाल्या, आणि काकांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. "पण त्यांना बस चालवायला देऊ नका."

काकांच्या पायानं ब्रेक दाबला.

पुढे औषधांनी नाक पुष्कळ उतरलं. वांग्याचा रंग गुलाबीवर आला, पोरांनी नाव मात्र बदललं नाही. डोळ्यातली सूज गेली, धूसरपणा राहिला.

बस आता दुसरा चालवतो. काका दाराशी बसतात आणि पोरांना उतरवून घेतात.