उभा राहून वल्हवणारा दुलबा

दुलबा होडीत कधी बसत नसे. मागच्या टोकाला पाय फाकून उभा राहायचा आणि स्वतःपेक्षा उंच वल्हं पाण्यात घालायचा. अठ्ठ्याऐंशी साली मी खानापूरहून त्याच्या वाडीच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो, तेव्हा होडीचे दोन्ही काठ घट्ट धरून बसलो होतो. "अहो, बसा की," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. "बसलं की फुडचा दगड दिसत न्हाई, मास्तर."

दगड आता साठ हात खाली होता. धरणाचं पाणी चढलं आणि वाडी टेकडीवर अडकली. तीन बाजूंना पाणी, चौथीला बिनरस्त्याचं रान. बाहेर पडायचं तर दुलबाच्या होडीतून. शाळा सुटली की त्या पाण्याकडं बघून माझा जीव गुदमरायचा, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

होडी त्यानं धरणाआधी, काळी नदी वाहती असताना केलेली. आखूड, रुंद, दोन्ही टोकं वर उचललेली. खडकांमधून ती एका फटक्यात वळायची म्हणे. साचल्या पाण्यात तेच नडायचं. वारा त्या टोकांना धरायचा आणि होडी जागच्या जागी फिरायची. पलीकडचा काठ समोर दिसायचा आणि आम्ही तिथल्या तिथंच. लांब, अरुंद, सरळ तळाची होडी कर, असं सांगून वाडी थकली. "ती वळंल व्हय?" तो उलट विचारायचा. नदी परत येणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मला त्याचा राग येत नसे. फार तर वल्हं हिसकावून घ्यावंसं वाटे.

मग त्याची बायको रखमाबाई तापानं फणफणली. तिला दवाखान्यात न्यायला मीही बरोबर निघालो. वारा सुटला होता. बुडालेल्या झाडांच्या पाण्याबाहेर राहिलेल्या वाळक्या शेंड्यांमध्ये होडी गरगरत राहिली. सकाळी निघालेलो, काठाला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. बाई वाचली, पण परत यायला तयार होईना. गणेशगुडीला भावाकडं राहिली. "त्या भवऱ्यात म्या बसनार न्हाई. सरळ जानारी आना, मगच यीन."

महिनाभर दुलबानं स्वतःच भात शिजवला, अर्धा करपवला. मग एका सकाळी घरामागचं फणसाचं झाड पाडलं आणि खोड कोरायला घेतलं. नवी होडी सरळ जायची, पण उभा राहिला की दुलबा पाण्यात. दोनदा पडला. आम्ही हसलो, तो नाही हसला.

"थोडी रुंद करा की," मी म्हणालो.

"रुंद केली तर जड जातीया. दोन्ही न्हाई गावत, मास्तर."

दुसऱ्या दिवशी तो बसून निघाला. मीही होतो. अर्ध्या वेळात पोहोचलो. निरोप आधीच धाडला होता; रखमाबाई गाठोडं घेऊन काठावर उभी होती. होडी तिनंच मागितलेली, पण नवऱ्याला बसलेला पाहून तिचा चेहरा उतरला.

"बसून आलासा?"

"व्हय."

"आन फुडचं दिसतंय?"

दुलबानं वल्हं रोवून होडी काठाला दाबून धरली. रखमाबाई चढली आणि पुढच्या टोकाला जाऊन बसली. "ऱ्हावा तसंच. फुडचं म्या सांगते," म्हणाली.

वाडी येईपर्यंत ती सारखी पुढं बघत होती. पण एक शब्द बोलली नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच, सगळं पाणीच होतं.